चिक्की लाटून होईपर्यंत

रविवारी लोणावळ्यातल्या चिक्कीच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. अपेक्षा मात्र थेट मागच्या भट्टीपाशी ठाण मांडून डब्यांना झाकणं लावत होती. तिची ताई कढईवर होती ना! माधवीताई गुळाचा पाक करायची, मग महेक आणि ती मिळून तक्त्यावर लाटायच्या, आणि दोघींची चिक्की अशी पातळ, अशी कुरकुरीत, की विचारायची सोय नाही.

आज महेक आलीच नव्हती. फोनही बंद.

"कंटाळली असंल तुला," मालक सुहासभाऊ गल्ल्यावरून सहज हसत म्हणाले.

झालं! ताईच्या मानेवरची शीर उडायला लागली, आणि अपेक्षानं हातातलं झाकण खाली ठेवलं. ताईला बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर आहे, असं पुण्याच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं तेव्हा अपेक्षा शेजारीच बसली होती. "आपल्याला टोचतं ना, तिथं हिला भाजतं," त्या म्हणाल्या होत्या. "आणि आपलं माणूस सोडून जातंय असं वाटलं, की सगळ्यात जास्त."

आधीच्या दुकानात असंच झालं होतं. कुणीतरी लागट बोललं, ताईनं ट्रे भिरकावला, जिवाभावाच्या मैत्रिणीशी कायमचं तोडलं, आणि मग कुरवंड्याला घरी दार लावून रडत राहिली. त्यानंतर मिळालेली एकच मैत्रीण, महेक.

ताईनं फोन काढून भराभरा टाइप केलं. अपेक्षानं मान लांब करून वाचलं : 'मला माहीतच होतं. परत तोंड दाखवू नकोस.' आता फक्त अंगठा टेकायचा बाकी होता.

तेवढ्यात कढईतला पाक फसफसला. ताईनं गॅस बारीक केला.

"अपे, हितं ये." तिनं फोन अपेक्षाच्या हातात कोंबला. "चिक्की लाटून होईपर्यंत द्यायचा न्हाई. मी मागितला तरी. शिव्या दिल्या तरी."

पाकाचा थेंब टाकून बघायला कढईशेजारी बर्फाच्या पाण्याचं पातेलं असतं. ताईनं त्यात चक्क तोंडच खुपसलं!

"अगं ए! त्यात पाक बघतात, तोंड न्हाई!" सुहासभाऊ ओरडले.

ताई वर आली. नाकावरून पाणी गळत होतं. "डॉक्टरांनी सांगितलंय, भाऊ. डोकं पेटलं की असंच करायचं. पाणी बदलते."

दाणे पाकात पडले, गोळा तक्त्यावर आला, आणि लांब लाटण्याच्या एका टोकाला, महेकच्या जागी, अपेक्षा उभी राहिली. गरम आहे तोवरच लाटायचं, गार झाला की दगड.

"फोन दे."

"न्हाई."

"अपे, दे म्हणते ना!"

"लाट आधी."

"लय शहाणी झालीस! तू पण तिच्याच पार्टीतली!"

ताईच्या डोळ्यांना धार लागली होती. पण हात! लाटण्याचं दुसरं टोक तिनं क्षणभरही सोडलं नाही. अपेक्षाला वाटलं, शाळेत धावण्याच्या स्पर्धेला ढाल देतात, मग अशा मुलींना कुणीच का देत नाही? सगळं आतून ओढत असताना जागेवर उभं राहायचं, ही काय साधी गोष्ट आहे? आपल्याला तर आई ओरडली तरी आपण धाडकन दार आपटतो!

सुरी फिरली, वड्या पडल्या. ताईनं लांब श्वास घेऊन हात पुढे केला. अपेक्षानं फोन दिला. ताईनं आधीचा मेसेज पुसला आणि दुसरा लिहिला : 'तू आली नाहीस. मी लय घाबरले. बरी आहेस ना?'

तो मेसेज पोचायच्या आधी महेकच पोचली, धुळीनं माखलेली.

"पवनानगरची जीप वाटेत बंद पडली, धक्का मारून मारून मेले! त्यात फोनची बॅटरी..." ताईचे सुजलेले डोळे बघून ती थबकली. "काय झालं गं?"

"तुझ्याशी कायमचं तोडणार होते."

"मग?"

"पाक फसफसला. म्हटलं, आधी चिक्की लाटू."

महेक हसली आणि मग तिनं ताईचं मनगट घट्ट धरलं. "पुढच्या वेळी ड्रायव्हरच्या फोनवरून कळवीन. आईशप्पथ." तिची नजर तक्त्यावर गेली. "आणि ही वीट कुणी लाटली?"

"मी!" अपेक्षा छाती फुगवून म्हणाली.

"भाऊ, हा घाणा विकायचा न्हाई," ताईनं सगळ्यात जाड वडी उचलून तिचे तीन तुकडे केले. "हा आमचा."