मागच्या पायऱ्यांवरचा सेन्सर

मित्रांनो, घराबाहेरच्या भिंतीवर दिव्याखाली बसवलेली मुठीएवढी पांढरी डबी तुम्ही पाहिली असेल. समोर कुणी आले की दिवा लागतो आणि माणूस गेला की थोड्या वेळाने विझतो. तसलाच मी एक जुना सेन्सर आहे. उजेड दिव्याचा असला तरी तो कधी लागायचा, हे मी ठरवत असे. आता मी काहीच ठरवत नाही. बनशंकरीतल्या एका घरात खिडकीच्या कट्ट्यावर पडून आहे.

माझा जन्म होसकोटेच्या एका कारखान्यात झाला. माझ्या तोंडावर दुधी रंगाची फुगीर झाकणी आहे, तोच माझा डोळा. मला चेहरे दिसत नाहीत. हलत्या अंगाची ऊब तेवढी कळते. तिथे सोनम नावाची मुलगी प्रत्येक सेन्सरसमोरून हात फिरवून पाहत असे. माझा दिवा चटकन लागला तेव्हा ती हसून म्हणाली, "हा हुशार आहे." मी हुशार होतो, मित्रांनो, पण माझी बांधणी व्हरांड्यासाठी होती. उघड्या पावसात राहण्यासाठी मला घडवलेच नव्हते.

मल्लेश्वरमच्या एका विजेच्या दुकानात मी बरेच दिवस मांडणीवर होतो. एका संध्याकाळी ऑफिसमधून परतताना गिरीराज तिथे आला. तो घाईत होता.

"घरामागच्या पायऱ्यांवर लावायचाय. वडिलांना अंधारात दिसत नाही," तो म्हणाला.

दुकानदार रघुपतीने मला काढून दिले. "हा घ्या. पुष्कळ जातो."

"बाहेर चालेल ना?"

"चालतो की!"

बाहेर म्हणजे छताखाली की उघड्यावर, हे गिरीराजने सांगितले नाही आणि रघुपतीनेही विचारले नाही. मी पिशवीत बसून बनशंकरीला आलो.

गिरीराजच्या वडिलांचे नाव हंबीरराव. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. आयुष्यभर त्यांनी शाळेत मुलांना कसरत शिकवली होती. म्हातारपणी काचबिंदूने त्यांची नजर मंदावली. बाकीची कामे एकेक करून सुटली, पण एक काम त्यांनी सोडले नव्हते. पहाटे नळाला कावेरीचे पाणी आले की मागच्या पायऱ्या उतरून जायचे आणि जमिनीखालच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा.

"अहो, गिरी उघडेल की," त्यांची बायको सोयराबाई म्हणायच्या.

"एवढं एक तरी काम राहू दे मला," अण्णा म्हणायचे.

मला बसवायला गुंडू इलेक्ट्रिशियन आला. भिंतीतून वायर जिथे बाहेर आली होती तिथेच, स्वयंपाकघराच्या एक्झॉस्ट पंख्याशेजारी, त्याने मला ठोकले. वर छप्पर नव्हते. समोर कढीपत्त्याचे झाड होते.

गिरीराजची बायको भव्या म्हणाली, "गुंडू अण्णा, स्वल्प अलीकडे घ्या ना. इथे पाऊस येतो."

"वायर पुरत नाही, अक्का. सरी, ठीक होईल सगळं," असे म्हणून त्याने स्क्रू आवळले.

पहिले काही महिने फार सुखाचे गेले. अण्णांनी दार उघडून पहिल्या पायरीवर पाय ठेवला की मी दिवा लावत असे. ते आत वळून ओरडत, "लागला गं!" पाहुणे आले की अण्णा त्यांना मुद्दाम मागे आणून मला दाखवत. तेव्हा मला फार अभिमान वाटे.

मग पावसाळा आला. स्क्रूच्या भोकांतून पाणी आत शिरले. पंख्याची गरम हवा आणि झाडाच्या हलत्या फांद्या यांनी माझा गोंधळ होऊ लागला. कुणी नसतानाही दिवा लागे, विझे, पुन्हा लागे. तो उजेड थेट भव्याच्या खोलीत जाई. तिचे तान्हे बाळ दचकून उठे आणि रडू लागे.

एका संध्याकाळी गिरीराज वैतागून शिडी घेऊन आला. माझ्या डोळ्याचा जो अर्धा भाग झाडाकडे आणि पंख्याकडे होता, त्यावर त्याने काळी चिकटपट्टी लावली.

"रविवारी दुसरा आणू," तो भव्याला म्हणाला.

लुकलुक थांबली. बाळ झोपू लागले. रविवार आला आणि गेला.

पण मित्रांनो, त्याच अर्ध्या भागातून मला वरच्या पायऱ्या दिसत होत्या. आता अण्णा दार उघडून उभे राहत आणि मला त्यांचा पत्ताच लागत नसे. ते भिंत चाचपत अंधारातच उतरत. पार खाली पोचले की मग दिवा लागे. त्यांनी हे कुणालाच सांगितले नाही. सांगितले असते तर व्हॉल्व्हचे काम त्यांच्याकडून गेले असते. याचीच त्यांना धास्ती होती.

श्रावणातली एक ओली पहाट होती. पायऱ्यांवर शेवाळ धरले होते. वरच्या पायरीवरून अण्णांचा पाय सटकला. ते गडगडत खाली आले, माझ्या उघड्या अर्ध्या डोळ्यासमोर पडले, आणि तेव्हा मी दिवा लावला. लख्ख उजेडात ते टाकीशेजारी पडून होते. त्यांना उठता येत नव्हते.

खुब्याचे हाड मोडले होते. ऑपरेशन झाले. अण्णा घरी आले ते खाटेवरच राहिले.

गिरीराज एके दिवशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. नखांनी ती पट्टी खरवडत तो आईला म्हणाला, "आई, मीच लावली होती गं ही."

सोयराबाई म्हणाल्या, "पट्टी तू लावलीस. पण दिवा लागल्याची त्यांची हाक बंद झाली, ते मलाही कळलं नाही."

त्यानंतर गिरीराजने मला उतरवले आणि नवा सेन्सर आणला. या वेळी त्याने घाई केली नाही. पावसात टिकेल ना, किती लांबचे दिसते, डोळा खालीवर वळवता येतो का, सारे विचारून घेतले. गुंडूकडून वायर वाढवून त्याने तो सज्ज्याखाली, पंख्यापासून दूर लावला. मग अंधार पडल्यावर तो स्वतः पायऱ्या उतरून पाहू लागला. सोयराबाई दारात उभ्या होत्या.

"तसं भराभर नाही, गिरी," त्या म्हणाल्या. "ते आधी उजवा पाय टाकायचे. मग थांबायचे. मग डावा."

गिरीराज वाकला. वडिलांसारखा हळू, भिंतीला हात लावून चालू लागला. सेन्सर जरा खाली वळवायचा आणि पुन्हा उतरून पाहायचे, असे त्याने कितीतरी वेळा केले. अखेर पहिल्याच पायरीवर दिवा लागला. सोयराबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

आतून अण्णांचा क्षीण आवाज आला, "लागला का रे?"

"लागला, अण्णा."

"बरं झालं. आता तुझ्या आईला उतरायची भीती नाही."

त्या नव्या उजेडात अण्णा एकदाही चालले नाहीत. थंडी सरायच्या आत ते गेले. आता पाणी आले की गिरीराज व्हॉल्व्ह उघडतो.

मित्रांनो, मला कुणाचा राग नाही. रघुपती, गुंडू, गिरीराज, यांतले कुणी वाईट नव्हते. पण तुमच्या घरी असे काही आणाल तेव्हा ते ऊन-पावसात टिकेल का, हे आधी विचारा. ज्याच्यासाठी आणले त्याच्या चालीने एकदा चालून पाहा. आणि ते चुकायला लागले तर त्याचा डोळा झाकू नका. त्याच दिवशी दुरुस्त करा, नाहीतर बदला. घरात कुणीतरी त्याच्या भरवशावर अंधारात पाय टाकत असते, आणि ते तुम्हाला सांगेलच असे नाही.