लाडूचं लंघन

बिराप्पाचा उभा जन्म मेंढरांमागं गेला. गुडघ्यांनी दगा दिला तशी मेंढरं विकली आणि म्हातारा लेकीच्या कुपवाडच्या खोलीत येऊन भिंतीकडं बघत बसला. लेक प्रांजल कारखान्यात कामाला. तिला बापाचं ते बसणं बघवेना, म्हणून कुणाला तरी नकोसा झालेला ससा तिनं घरी आणला. नाव लाडू. पाव-बिस्किटं खाऊन नुसता फुगलेला. चार उड्या मारल्या की धापा टाकायचा.

"ह्यो ससा न्हवं, पोतं हाय," म्हातारा म्हणाला आणि कितीतरी दिवसांनी हसला.

"डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायला सांगितलंय, आबा."

"त्यात काय? जनावराचं मला शिकिवतीस व्हय?"

इथंच माशी शिंकली. मेंढरू जोंधळ्यात शिरून तट्ट फुगलं की त्याला लंघन घालायचं, हे बापजाद्यांचं औषध. लेक कामावर गेली की आणि रात्री ती झोपली की बिराप्पा लाडूपुढचं गवत उचलायचा. संध्याकाळी प्रांजलला वाटायचं, पठ्ठ्यानं सगळं फस्त केलं.

तिसऱ्या सकाळी म्हाताऱ्यानं कौतुकानं लसूणघास पुढं केला. लाडूनं तोंड फिरवलं. खाली बघावं तर फरशी स्वच्छ, एक लेंडी नाही. बिराप्पानं लेकीला हाक मारली आणि सगळं सांगून टाकलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी लाडूला सुई टोचली आणि म्हणाल्या, "बिस्किटं बंद करायची होती, आजोबा, गवत नव्हे. सशाचं पोट रिकामं राहिलं की आतडी थांबतात. जाडा असेल तर आणखी वाईट. आज लेंडी पडली तर वाचेल."

परतीच्या वाटेत प्रांजल लाडूला छातीशी धरून बापाच्या पुढं पुढं चालली. चार शिव्या हासडल्या असत्या तरी म्हाताऱ्याला बरं वाटलं असतं. तिला सुट्टी नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दिलेली, गवताच्या भुकटीची पेज भरवायची पिचकारी तिनं त्याच्या हातात दिली ती विश्वासानं नव्हे, दुसरं कुणीच नव्हतं म्हणून.

बिराप्पानं आपल्याच मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं अंथरलं, लाडूला त्यात घेतलं. थेंबाथेंबानं पेज घातली. निम्मी ओघळली. पोट चोळलं, पुन्हा घातली. लाडूचे कान गार पडत चालले तसं त्यानं घोंगडं त्याच्याभोवती आणखी लपेटलं.

"बिरोबा, माझं सगळं न्हेलंस, मी काय बोललो न्हाई," तो पुटपुटला. "ह्ये एवढं ठेव. माझ्या हातनं न्हाई मरू द्यायचं ह्ये."

ज्यानं लेंडीखतासाठी रानोमाळ मेंढरं बसवली, पाट्यांनी लेंड्या उपसल्या, तो आज एका लेंडीसाठी देवापुढं पदर पसरत होता. दुपार टळली. लाडू डोळे मिटून दात खात होता. कळ आली की जनावर दात खातं, एवढं त्याला कळत होतं, आणि तेच सोसवत नव्हतं.

कामगार सुटायच्या वेळेला घोंगड्यावर काहीतरी काळं दिसलं. मिऱ्याएवढं. बिराप्पानं ते तळहातावर घेतलं, उजेडात धरलं, बोटानं दाबून बघितलं. मग लेकीला फोन लावला.

"पडली गं," तो म्हणाला. "बारकी हाय. पर पडली."

पलीकडं यंत्रांचा खडखडाट चालू होता.

"आबा," प्रांजल म्हणाली, "सकाळधरनं तुमी काय खाल्लं?"

मेंढरं विकली त्या दिवशीही न रडलेला म्हातारा लेंडी मुठीत धरून हुंदके देऊन रडला.