गोपीचंदने जमीन खाली घेतली

थोर गिटारवाला कुणाला म्हणावं, यावर पोरं मोबाईलवर भांडतात. बोटं किती पळतात, केस किती उडतात, हे बघतात. मी म्हणतो, आधी कनेरगाव नाक्याला जाऊन विचारा. तिथं एका लग्नात आमच्या गोपीचंदने बास गिटारची सगळ्यात जाडी तार एकदाच छेडली, तर रस्त्यावरचे तीन ट्रकवाले गाड्या थांबवून टायर तपासू लागले. ढाबेवाल्याची म्हैस दोन दिवसांनी व्यायची होती, ती उभ्या जागी व्याली. ते पारडू अजून ठेक्यात चालतं.

हा गोपीचंद हिंगोलीत विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून देतो. बोलणं कमी. आमच्या भीमगीतांच्या पार्टीत तो मागं, स्पीकरच्या आडोशाला उभा असतो. लोक गायकाला हार घालतात, ढोलकीवाल्याला खांद्यावर घेतात आणि गोपीचंदला विचारतात, "भाऊ, जनरेटर तुमचाच का?"

गायक मी, सोनाजी. चाळीस वर्षं गातोय. गेल्या वर्षी वरचे दात गेले, कवळी आली आणि तिच्या मागोमाग सूर घसरायला लागला. मला वाटायचं, कुणाच्या ध्यानात येत नाही.

एप्रिलमध्ये शिरड शहापूरला जयंतीचा कार्यक्रम होता. दुपारी वायरी जोडता जोडता पार्टीचा मालक बंटी माझ्याजवळ आला.

"दादा, राग मानू नका. आज एकच गाणं देतो तुमाला. सूर पडला, तर पुढच्या गावापासून घरी आराम करा."

"आन् न्हाई पडला तर?"

"तर जीपची पुढची सीट तुमची. मरेपर्यंत."

"कोण मरेपर्यंत? मी का जीप?"

बंटी हसला नाही. तेव्हा मला कळलं, पोरगं खरं बोलून राहिलं. घरी बसणं मला नको. माझ्या बायकोला, भागूबाईला, तर त्याहून नको. ती म्हणते, "घरी बसून माझं डोकं खाण्यापरीस गावोगाव लोकांचं खा."

उन्हं उतरली तसं गाणं सुरू झालं. पटांगण भरलेलं. दोन कडवी झकास गेली. तिसऱ्या कडव्यात एका ओळीला सगळी वाद्यं थांबतात, मी एकटा गातो आणि ओळ संपली की सगळे एकदम येतात. तशी बसवणीच होती. नेमकी त्या ओळीला कवळी सुटली. जिभेनं तिला धरलं, पण तेवढ्यात सूर निसटला आणि पूर्ण एक पायरी खाली जाऊन बसला. आता आमच्या पार्टीतल्या पोरीचा, प्रतिक्षाचा कीबोर्ड वरच्या पायरीवर येणार, मी खालच्या, आणि गावातल्या शेळीलासुद्धा कळणार की म्हातारा संपला. ओळ संपवली आणि मी डोळे मिटले.

तेव्हा पायाखालून एक सूर आला. ठरला होता तिथं नाही. मी होतो तिथं. गोल, लांब, सावकाश. गोपीचंदने तो नुसता धरून ठेवला. मी डोळा किलकिला केला, तर प्रतिक्षाची बोटं हवेत थांबलेली आणि ती त्याच्याकडं बघत होती. त्यानं हनुवटी जराशी खाली केली. पोरीनं कीबोर्डची सगळी पट्टी एक पायरी खाली घेणारं बटण दाबलं आणि सगळी पार्टी माझ्या शेजारी येऊन उतरली. गाण्यात बास जिथं उभा राहतो तीच जमीन. म्हणून मी पडलो नाही. जमीनच खाली आली.

लोकांना वाटलं, काहीतरी नवी करामत आहे. टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी त्याच गावच्या अनुसयाबाईची. बारा वर्षं तिला कानानं ऐकू येत नाही, ती स्टेजच्या फळीला तळपाय लावून गोपीचंद ऐकते. आणि खरं सांगतो, त्या दिवशी जमीन खाली गेल्यामुळं गावातल्या विहिरींचं पाणी वीतभर वर दिसायला लागलं.

कार्यक्रम संपल्यावर बंटी धावत आला. "दादा! मधातच पट्टी बदलली! काय डोकं लावलं! पुढची सीट तुमची."

गप्प बसलो असतो तर भागलं असतं. पण गोपीचंद पाठमोरा बसून वायर गुंडाळत होता. माझ्यानं राहवलं नाही.

"बंटी, माझा सूर पडला होता. यानं झेलला."

"काय वो गोपीभाऊ? खरं हाय का?"

गोपीचंदने मान वर केली नाही. "न्हाई. माझंच बोट चुकलं. दादानं सांभाळून घेतलं."

"बघा! आन् दादा पुड्या सोडून राहिले. ध्यान देऊन वाजवत जा ना, गोपीभाऊ!"

"व्हय," गोपीचंद म्हणाला. वय चाळिशीच्या पुढं, आणि पोराची बोलणी खाऊन घेतली.

"प्रतिक्षा, तू तर बघितलं. तू सांग!"

"मला काय माहीत, दादा? मी गोपीकाकांकडं पाहून वाजवते," ती म्हणाली आणि हसून कीबोर्डवर कापड टाकलं.

जन्मात एकदा खरं बोललो, तर कुणी विश्वास ठेवीना. म्हणून हे लिहून ठेवलं.

सीट माझीच राहिली. दर कार्यक्रमाला निघताना मी मागं वळून त्याला हात जोडतो. तो स्पीकरांच्या मधात, गिटार मांडीवर घेऊन बसलेला असतो.

"जय भीम, गोपीचंद. उपकार झाले बाबा."

"जय भीम, दादा. ती खिडकी लावा, धूळ येऊन राहिली."