एकादशीची ओहोटी

लॅनवेन हे ऱ्होड आयलंडच्या किनाऱ्यावरचं लहानसं गाव. वेल्समधून बोटीने आलेल्या लोकांनी ते वसवलं, म्हणून दुकानांच्या दारांवर लाल ड्रॅगनचे झेंडे आणि बेकरीत बेदाण्याच्या चपट्या गोड भाकऱ्या. २००७च्या ऑक्टोबरमध्ये, लाँग वीकेंडला, माझी मुलगी आश्लेषा आणि जावई शंतनू मला जर्सी सिटीहून तिथे घेऊन गेले. बरोबर नातवंडं, दहा वर्षांची हिमानी आणि सहा वर्षांचा निमिष.

मोटेलमध्ये एक पत्रक मिळालं, 'लॅनवेनमध्ये करण्याच्या दहा गोष्टी'. हिमानीने ते ताब्यात घेतलं. सहावी गोष्ट होती, ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावरून चालत मेंढ्यांच्या बेटावर जाणं.

"आजोबा, इथे लिहिलंय, आधी बंदरावरच्या बोर्डवर टाइम्स बघा."

"बोर्ड कशाला? आज माझा उपास आहे ना? मग आज काय?"

"एकादशी!" निमिष ओरडला. सकाळी माझ्या ताटलीतले बटाट्याचे वेफर्स त्यानेच संपवले होते.

मी देवगडचा. पस्तीस वर्षं तिथल्या शाळेत गणित आणि भूगोल शिकवला. आमच्याकडचे कोळी भरती तिथीवरून काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. मी हा हिशेब शेकडो मुलांना शिकवला होता. आता नातीला शिकवायला मिळाला म्हणून भलताच खुशीत होतो.

"अकराची पाऊणपट?"

हिमानीने बोटांवर मोजलं. "सव्वाआठ."

"शाब्बास. त्यात सव्वासहा तास मिळव."

"अडीच. म्हणजे लो टाइड अडीचला?"

"अगदी बरोबर."

शंतनूच्या ऑफिसात काहीतरी बंद पडलं होतं. तो खोलीत फोन कानाला लावून बसला. आश्लेषा म्हणाली, "बाबा, मी सगळ्यांचं लंच घेऊन एक वाजता बंदरावर येते. तोवर या दोघांना फिरवून आणा. पाण्यात नका हं जाऊ."

"पाण्यात कशाला? पाणी ओसरतंय."

साडेबाराला आम्ही पट्ट्यावर उतरलो. वाळू ओली, घट्ट. तीनशे-चारशे पावलांत बेट आलं. खडक, वर गवत आणि एक पडका मेंढवाडा. आमच्याखेरीज कुणी नव्हतं. दोन म्हाताऱ्या बायका समोरून किनाऱ्याकडे परतताना भेटल्या होत्या. त्यांनी हाताने काहीतरी खूण केली. मी हात हलवून हसलो.

बेटावर मी हिमानीला काम दिलं. पाण्याच्या कडेला काडी रोव, पाच मिनिटांनी बघ, पाणी किती मागे गेलं ते मोज. निमिष शिंपले गोळा करत होता.

"आजोबा, पाणी मागे नाही गेलं. काडी पाण्यात आहे."

"मोठी लाट आली असेल. पुन्हा रोव."

पाच मिनिटांनी ती पळत आली. "दुसरी पण गेली. इट्स कमिंग इन, आजोबा."

वर्गात कुणाचं उत्तर चुकलं की मी रागावत नसे. पुन्हा मोज, एवढंच सांगत असे. तेच मी तिला सांगितलं.

तिसऱ्यांदा ती आली नाही. खडकावरच उभी राहून तिने मला हाक मारली. त्या आवाजाने मी उठलो आणि पट्ट्याकडे पाहिलं. मधोमध वाळू दिसत नव्हती. दोन्ही बाजूंचं पाणी तिथे एकमेकांना भेटलं होतं.

घड्याळात एकला पाच कमी. माझ्या हिशेबाने अजून दीड तास पाणी उतरायला हवं होतं.

"चला. निमिष, पाठीवर बस. हिमानी, माझा कमरेचा पट्टा धर, सोडू नकोस."

पहिल्यांदा घोट्याएवढं पाणी. मग पोटऱ्यांपर्यंत. ते इतकं गार होतं की पायांची बोटं कळेनाशी झाली. मी मोठमोठ्याने पावलं मोजू लागलो, मुलांना धीर यावा म्हणून. साठ, एकसष्ट. पाणी डावीकडून ओढत होतं. निमिषने माझा गळा इतका आवळला की आकडे तोंडातच राहिले.

हिमानी कमरेपर्यंत बुडाली होती. तिचा पाय सरकला आणि माझ्या कमरपट्ट्यावरची ओढ एकदम गेली. मी वळून तिच्या जॅकेटची टोपी धरली. तिच्या नाकातोंडात पाणी गेलं होतं.

"आजोबा, परत. परत चला."

"थोडंच राहिलंय, बाळा."

"नाही! मधला भाग सगळ्यात लो आहे. येताना मी पाहिलं. अजून तो आलाच नाही. प्लीज!"

समोर किनारा स्वच्छ दिसत होता. बाकं, गाड्या, लाल झेंडा. किती जवळ वाटत होता! मुलांसमोर माघार घ्यायची मला सवय नव्हती, हेही खरं. पण ती पुढे येईना. थरथरत, रडत, एका जागी पाय रोवून उभी राहिली. मी वळलो.

परतीची वाटही आता तशी राहिली नव्हती. घोट्याएवढ्या पाण्याच्या जागी गुडघ्याच्या वर पाणी होतं. मी हिमानीला पुढे घेतलं आणि तिच्या पाठीवर हात ठेवून ढकलत राहिलो. कुठल्या पावलाला वाळू संपेल याची शाश्वती नव्हती. देवाचं नावही आठवेना. हाताखाली तिची पाठ आहे ना, एवढंच बघत होतो. शेवटी खडकाला गुडघा आपटला, तेव्हा कळलं की पोचलो.

मेंढवाड्याच्या भिंतीआड मी दोघांचे ओले कपडे काढले. माझा कोट पाण्याच्या वर राहिला होता, त्यात दोघांना गुंडाळलं. निमिषचे ओठ निळे पडले होते.

"आजोबा, आयलंड पण बुडणार?"

ओठांवर ठाम 'नाही' आलं होतं, मी ते गिळलं. मग खडकांकडे नीट बघितलं. खाली काळा, शेवाळलेला पट्टा, त्याच्या वर कोरडा दगड, त्याच्या वर गवत. "गवतापर्यंत पाणी येत नसावं," मी म्हणालो. आणि बघत राहिलो. शेवाळाचा पट्टा एकेक बोट बुडत गेला.

किनाऱ्यावर आश्लेषा दिसली. तिचं पिवळं जॅकेट आधी चाललं, मग थांबलं, मग पाण्याच्या दिशेने पळत सुटलं. कुणीतरी तिला दंडाला धरून अडवलं. मी दोन्ही हात वर करून ओरडलो, "आहेत! दोघं आहेत!" वारा समोरून होता. तिला काही ऐकू गेलं नसणार.

बंदराची बोट यायला चाळीस मिनिटं लागली. बोटीवरच्या माणसाने मुलांना ब्लँकेटं दिली.

धक्क्यावर आश्लेषाने दोघांना उराशी धरलं. मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही बोर्ड पाहिला होता?"

"नाही."

"मुलांना एकटं घेऊन कुठे जाऊ नका यापुढे."

"नाही जाणार."

संध्याकाळी हिमानी रजईत बसून गरम दूध पीत होती. मी जरा लांबच्या खुर्चीत बसलो.

"आजोबा, अकराची पाऊणपट सव्वाआठच ना? मग चुकलं कुठे?"

"तुझं काही चुकलं नाही. तो देवगडच्या समुद्राचा हिशेब होता. इथला समुद्र वेगळा का चालतो, ते मला माहीत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी असं म्हणतोय यावर तिचा विश्वास बसत नसावा. मग ती सरकली आणि तिने माझ्यासाठी रजईचं एक टोक उचलून धरलं.