आक्काच्या हातचा दोरा

शिवगंगा आक्का दुसरीतून शाळा सोडलेली. पण नवऱ्यामागं शिरोलीची फौंड्री तिनंच उभी ठेवली, त्यामुळं तिथं तिचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती. खंडेनवमीला यंत्रांना भस्म लावायचं तेही तिच्याच हातानं. नव्याण्णव सालच्या खंडेनवमीला शेडच्या टोकाला, लेथच्या पायाशी पहिली पणती लावून ती ऑफिसात गेली आणि निरांजन पेटवून ताट घेऊन परतली. दारात फोर्कलिफ्टवाला गुंडू आडवा उभा.

"आक्का, दिवा आत नगा आणू. वास येतोय."

"तुझ्या तोंडाचा असंल. सरक."

"प्रोपेन ग्यासचा हाय. आत्ताच गाडीचा सिलेंडर बदललाय."

"रोज बाहेर उघड्यावर बदलतोस न्हवं? आज काय पाय मोडलं?"

"तुमीच म्हणालासा की, सजवलेली गाडी जागची हलवायची न्हाय. आन् पूजेनंतर लिंबू चिरडायचं तर गाडी चालू व्हाय पायजे. जुना सिलेंडर रिकामा."

फोर्कलिफ्टपाशी सहा-सात कामगार हात जोडून उभे होते. पुढं तिचा एकुलता एक लेक, संगमेश. तो हसला. "अव्वा, ये की. गुंडू मांजराला बी भितोय."

आक्कानं पाऊल उचललं आणि गुंडूच्या खांद्यावरून तिची नजर सिलेंडरवर गेली. पितळी तोंडावर, जोडातनं गळणाऱ्या ग्यासच्या गारठ्यानं, पांढरं हिव धरलं होतं. त्या हिवात काळा दोरा. काल नव्या सिलेंडरला दृष्ट लागू नये म्हणून सात गाठी मारून तिनंच बांधलेला.

"दोरा तसाच ठेवून वर पाईप आवळलास व्हय रे?" तिचा आवाज खाली आला.

"तुमच्या हातचा दोरा सोडायचा कुणी, आक्का?"

तिच्या पावलांना गार लागलं. ताट ठेवायला ती वाकली, तसा गुंडू कुजबुजला, "खाली नगा. ह्यो ग्यास पाण्यागत खाली बसतोय."

तिनं ताट डोक्याच्या वर धरलं, पाठ न फिरवता फाटकापर्यंत गेली आणि पेटती वात चिमटीत चिरडली. आरतीचा दिवा तिनं जन्मात कधी विझवला नव्हता.

"संगमेश, भाईर ये. कुठल्या बटणाला हात लावू नगंस. समदी या."

त्यात एकही शिवी नव्हती, म्हणूनच सगळे धावले. गुंडू सिलेंडरची चावी बंद करून शेवटी आला.

"बंद केलाय. पर सांडायचा तेवढा सांडलाय. आता वाऱ्यानं जाईल तवा जाईल."

संगमेशनं घाम पुसला. आक्का मात्र शेडच्या टोकाला बघत होती. अंधारात लेथच्या पायाशी, जमिनीलगत, तिची पणती.

"मी विझवून येतो," म्हणत संगमेश वळला. तिनं त्याचं मनगट असं धरलं की नखं रुतली.

आत ज्योत हळूहळू लांबत होती. तिची कड निळी झाली.

"पळा," आक्का म्हणाली.