लक्ष ठेवणारं पान

डोळ्यांच्या त्या इस्पितळात तिला सगळे सर्व्हरबाई म्हणत. तोंडावरही म्हणत आणि पाठीमागेही. एवढा एक प्रामाणिकपणा तिथे होता. रुग्णांच्या सगळ्या नोंदी ज्या संगणकावर असत, तो सर्व्हर धुलाईच्या खोलीशेजारी एका बिनखिडकीच्या खोलीत होता आणि बाईंचं टेबल त्या खोलीच्या दाराशी. एका कानात कपडे धुण्याच्या यंत्रांची घरघर, दुसऱ्या कानात सर्व्हर थंड ठेवणाऱ्या पंख्यांची. सुट्टीच्या दिवशी घरात शांत वाटलं की तिला उगाच धास्ती वाटायची, काहीतरी बंद पडलंय म्हणून.

पूर्वी या कामाला दोघं होते. जोडीदार चांगली नोकरी बघून गेला, त्याची जागा भरण्याची प्रक्रिया सुरू झाली आणि ती आजतागायत सुरूच होती. सर्व्हर नीट चालत असला की बाईंची आठवण कुणाला येत नसे. जरा मंदावला की नोंदणीची खिडकी, तपासणीच्या खोल्या, औषधांचं दुकान, सगळीकडून एकदम फोन यायचे आणि सगळ्यांचा प्रश्न एकच: बाई, सर्व्हर बसला का? सर्व्हर सहसा बसलेला नसायचाच. बसायला मिळायचं नाही ते बाईंना.

वर्ष उलटून गेलं होतं, ती घरी गेली नव्हती. घरी म्हणजे वडिलांकडे, दादा-वहिनीकडे, दिवसभराच्या प्रवासाच्या अंतरावर. वडिलांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. अडकलेल्या माणसांना बाहेरून हाका मारत, धीर देत, हसवत सोडवणारा माणूस. आता त्यांना आधी वस्तूंची नावं आठवेनाशी झाली होती आणि मग माणसांची. दादाने एका रविवारी फोनवर स्पष्टच सांगितलं.

"भिंगरे, ये आता. मला ते कधी कधी काका समजतात. तुझं नाव मात्र रोज काढतात. तुला ओळखतील अजून."

लहानपणी एका जागी ठरत नसे म्हणून ती भिंगरी. तो 'अजून' तिच्या डोक्यातून जाईना. दुसऱ्याच दिवशी ती चार दिवसांची रजा मागायला व्यवस्थापकांकडे गेली.

व्यवस्थापकांना सगळे तातडीसाहेब म्हणत, कारण त्यांचा प्रत्येक निरोप 'तातडीचे' या शब्दाने सुरू होई, मग तो आगीबद्दल असो की चहाच्या कपांबद्दल. माणूस वाईट नव्हता. नुसता घाबरट होता, आणि घाबरट माणसाच्या हाताखाली काम करणं वाईट माणसापेक्षा जड जातं. त्यांनी रजेला नाही म्हटलं नाही. फक्त विचारलं, की तुम्ही नसताना सर्व्हरची तब्येत आम्हाला कळणार कशी? काहीतरी असं बसवा की कुणालाही बघता येईल, ते बसवा आणि खुशाल जा.

तसं बसवायची एक गोष्ट होती. सर्व्हरवर प्लग-इन नावाचा एक छोटा जोड-प्रोग्रॅम टाकायचा, म्हणजे सर्व्हरवर किती भार आहे, मेमरी किती भरली, डिस्क किती शिल्लक आहे, हे सगळं एका वेब पानावर आलेखांत दिसतं. वर एक गोल. ठीक असेल तर हिरवा, जड होत चाललं तर पिवळा, आणि लाल झाला की बाईंच्या फोनवर निरोप. दूर बसूनही सगळं कळेल. हे आपल्याला आधी का सुचलं नाही, असं तिला वाटलं. सुचलं होतं, पण करायला वेळ कुठे होता?

तिने ते मन लावून केलं. प्लग-इन उतरवून घेतला, उलगडला, त्याच्या जागी नेऊन ठेवला, त्याला वाचण्यापुरत्या परवानग्या दिल्या. जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगून, सर्व्हरवरची पानं सगळ्यांना पुरवणारी वेब सेवा बंद करून पुन्हा चालू केली. पान उघडलं तर पांढरंफटक. सेटिंगच्या फाइलीत सर्व्हरचं नाव तपासलं, बरोबर होतं. शेवटी सापडलं, की त्या पानाची वाट फायरवॉलमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या राखणदार प्रोग्रॅममध्ये, तिनेच मागे कधीतरी बंद करून ठेवली होती. आपणच कुलूप लावायचं आणि आपणच दार का उघडत नाही म्हणून धडका मारायच्या, हा या धंद्याचा रोजचाच खेळ. वाट मोकळी केल्यावर आलेख हलू लागले. पिवळं कधी व्हायचं, लाल कधी व्हायचं, त्या मर्यादा तिने विचार करून घातल्या. मोजमाप दर पाच सेकंदांनी, कारण साहेबांना सगळं ताजं हवं होतं. दोन दिवस तिने आपल्या टेबलावर ते पान उघडं ठेवून बघितलं. गोल हिरवागार होता. तिने सोमवारचं तिकीट काढलं आणि दादाला कळवलं. वहिनीने वडिलांना सांगितलं तेव्हा ते म्हणे दिवसभर दाराशी खुर्ची ओढून बसले.

शुक्रवारी सकाळी तातडीसाहेबांनी सगळ्या इस्पितळाला निरोप पाठवला: तातडीचे, सर्वांनी सोबतचे पान आपापल्या संगणकावर कायम उघडे ठेवावे. एवढ्यावर न थांबता त्यांनी ते प्रतीक्षा दालनातल्या मोठ्या टीव्हीवरही लावलं. डोळ्यांत औषध घालून धूसर बघत बसलेले रुग्ण मान वर करून सर्व्हरची मेमरी न्याहाळू लागले.

दुपारपर्यंत गोल पिवळा झाला. पिवळा झालाय म्हटल्यावर ज्यांनी पान उघडलं नव्हतं त्यांनीही उघडलं, काहींनी दोन-दोनदा. संध्याकाळी बाई निघायच्या बेतात असताना तो लाल झाला. नोंदी उघडेनात, खिडकीपुढची रांग फाटकाबाहेर गेली, आणि एका आजोबांनी नोंदणीवालीला जोरात विचारलं की टीव्हीवर लाल आलंय ते माझ्या डोळ्यांचं आहे का? तातडीसाहेब धुलाईच्या खोलीवरून धावत आले. सोमवारची रजा गेली, हे त्यांनी बोलायच्या आधीच बाईंना कळलं.

तिने दादाला फोन केला. पुढच्या आठवड्यात नक्की, म्हणाली. आणि मग दमलेल्या डोक्याने, दिवसभर फोन करणाऱ्यांना जे सांगितलं तेच पुढे ओढत तिने त्यालाही सांगून टाकलं, की रोज रोज फोन नको करूस, मला घेता येत नाही, काही गंभीर झालं तर मात्र लगेच कळव. दादा बरं म्हणाला. तो लहानपणापासून सांगितलेलं ऐकणारा.

पुढचा आठवडा आला, त्याच्या पुढचाही आला. गोल सकाळी हिरवा, दहाच्या सुमाराला पिवळा, बारा वाजता लाल. तिने जुन्या नोंदी दुसऱ्या डिस्कवर हलवल्या. मेमरी वाढवून घेतली. नेटवर्कची केबल बदलली, चांगली असलेली. भार कोण टाकतंय हे बघावं तर यादीत एकच नाव, वेब सेवा. त्याच सेवेतून रुग्णांच्या नोंदी चालत, म्हणून तिने नोंदींच्या प्रोग्रॅमवाल्यांना बोलावलं. त्यांनी कानावर हात ठेवले आणि जाताना तिच्याकडे असं बघितलं की जणू चोर सोडून संन्याशाला फाशी देणारी हीच ती बाई. तिला झोप लागेना. बसल्या जागी डोळे मिटले तरी तो लाल गोल दिसायचा. चष्मे विभागातला जाड भिंगांचा माणूस येता-जाता टिंगल करायचा, की बाई, नजर लागली तुमच्या सर्व्हरला, आख्खं इस्पितळ टक लावून बसलंय. तिच्यात हसायचंही त्राण नव्हतं.

मध्ये दोनदा तिने दादाला फोन केला. दोन्ही वेळा गडबडीत, एका हातात केबल धरून. बाबा कसे आहेत? चाललंय, दादा म्हणाला. तू ये निवांत. तिला ते 'चाललंय' ऐकून बरं वाटलं. दिवसभरात तेवढाच एक फोन असा असायचा की ज्यात काही बिघडलेलं नसे.

शेवटी एका दुपारी, करण्यासारखं काहीच उरलं नाही म्हणून, ती वेब सेवेच्या नोंदी ओळीओळीने वाचत बसली. रुग्णांचं कुठलं पान सर्वांत जास्त मागितलं जातं तेवढंच तिला बघायचं होतं. रुग्णांचं पान क्वचित दिसत होतं. बाकी ओळीमागून ओळ, एकाच पानाची मागणी. तिचं पान. प्रत्येक उघड्या पडद्यासाठी प्लग-इन दर पाच सेकंदांनी सर्व्हरला नव्याने विचारत होता, कसा आहेस, कसा आहेस. आणि तो प्लग-इन वेब सेवेच्याच पोटात असल्याने त्याचं नाव वेगळं दिसत नव्हतं. सर्व्हरला काहीही झालेलं नव्हतं. तो फक्त उत्तरं देऊन देऊन थकला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. तिने एकटीच्या पडद्यावर दोन दिवस तपासलं होतं. आख्खं इस्पितळ एकदम बघेल हे तिच्या मनातच आलं नव्हतं, कारण इतक्या वर्षांत त्या सर्व्हरकडे तिच्याशिवाय कुणी बघितलंच नव्हतं. तिने फाइलीत दोन ओळी बदलल्या: मोजमाप मिनिटातून एकदाच, आणि तेच तयार उत्तर सगळ्यांना. सेवा पुन्हा चालू केली. गोल तिच्या डोळ्यांदेखत हिरवा झाला आणि हिरवाच राहिला. तिला आनंद व्हायला हवा होता. तिने टेबलावर डोकं ठेवलं आणि थोडी रडली. धुलाईच्या यंत्रांच्या आवाजात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

तातडीसाहेबांनी 'तांत्रिक अडचण दूर' असा निरोप पाठवला, टीव्ही स्वतः बंद केला आणि रजेच्या अर्जावर न वाचता सही केली. फोन तेवढा चालू ठेवा, म्हणाले.

ती उतरली तेव्हा दादा तिला घ्यायला आला होता. त्याचे केस बरेच पिकले होते. रस्ताभर तो पावसापाण्याचं बोलला, शेजाऱ्यांचं बोलला. घराच्या जिन्याच्या पहिल्या वळणावर मात्र तो थांबला आणि कठड्याला धरून उभा राहिला.

"तुला आधीच सांगून ठेवतो. तुझं नाव घेतात, पण फोटो दाखवला तर ओळखत नाहीत. पंधरा-एक दिवस झाले."

"मग मला फोन नाही करायचा दादा?"

"तूच म्हणालीस ना, गंभीर झालं तर कळव. रोज थोडंथोडं जात होतं गं. त्यातल्या कुठल्या दिवशी फोन करायचा, ते मला कळलं नाही."

लाल कधी व्हायचं हे तिनेच ठरवून दिलं होतं, आणि माणूस असा हिरव्यातल्या हिरव्यात संपत जातो हे तिला ठाऊक नव्हतं. दादाचा राग आला असता तर सोपं गेलं असतं. तो येईना, सगळा राग स्वतःवरच येऊन थांबला.

वहिनीने दार उघडलं, तिच्या पाठीवर हात फिरवला आणि बाजूला झाली. वडील खिडकीशी बसले होते. दाढी नीट केलेली, सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावलेली. त्यांनी आधी तिच्या खांद्यावरच्या लॅपटॉपच्या बॅगेकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि अदबीने अर्धवट उठले.

"दुरुस्तीला आलात का?"

तिने दादाकडे बघितलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"हो," ती म्हणाली. "यंत्रं सांभाळते मी."

"मग बसा, बसा. दमलेल्या दिसता." त्यांनी शेजारची खुर्ची स्वतःच्या हाताने पुसली. "आमची मुलगीही असंच काहीतरी करते. फार हुशार आहे. पण सुट्टी देत नाहीत हो तिला."

"दिलीय," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा नीट निघाला. "दिलीय तिला सुट्टी. ती निघालीय."

वडिलांचा चेहरा असा उजळला की वहिनी आत निघून गेली.

"खरं सांगता? मग आता तुम्ही जायचं नाही. थांबा. तिला भेटूनच जा."

तिने बॅग खाली ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसली. दोघं मिळून दाराकडे बघत राहिले.