घरच्या माणसाचं म्हणणं

शर्टाला इस्त्री करू नका, असं राधिकानं कामावर निघताना दोनदा बजावलं होतं, आणि तिची गाडी कोपऱ्यावरून वळताच दिगंबररावांनी इस्त्री तापत ठेवली. जावयाचा शर्ट टेबलावर एका वेळी मावायचा नाही. पाठ तीन खेपांत करावी लागायची. कॉलर झाली, बाह्या झाल्या, मग त्यांनी उगाचच खिशावरूनही एकदा इस्त्री फिरवली.

“तिला कळलं तर?” सुमित्राबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

“मग काय चुरगळलेल्या शर्टात नेऊ परक्या माणसासमोर? जावई आहे तो आपला.”

“मी कुठे काय म्हणतेय,” असं म्हणत त्यांनी डॅरिलरावांसाठी आणखी एक धिरडं तव्यावर घातलं. डॅरिलराव हे नाव त्यांनीच लग्नात ठेवलं होतं. आधी गंमत म्हणून, मग सवयीनं.

डॅरिल नऊ वर्षं व्यावसायिक फुटबॉल खेळला होता. अमेरिकन फुटबॉल, ज्यात पायापेक्षा डोक्याचा वापर जास्त होतो, आणि तोही विचार करायला नव्हे. पहिल्या रांगेत उभं राहायचं आणि समोरच्याला धडकायचं, हे त्याचं काम. धडकून डोळ्यांपुढे काळोख आला तरी संघाच्या डॉक्टरला सांगायचं नाही. सांगितलं की पुढच्या रविवारी त्या जागी दुसरा कोणी उभा दिसायचा, आणि ज्याची जागा गेली त्याचा करारही मालक गुंडाळून टाकायचे. त्यामुळे डॉक्टर दिसला की ‘मी ठीक आहे’ म्हणायचं हे त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं, की अपंगत्वाच्या पेन्शनसाठी पहिली तपासणी झाली तेव्हाही तो एकटा जाऊन तेच म्हणून आला. अर्ज फेटाळला गेला. बसून करायचं काम हा गृहस्थ करू शकतो, असं उत्तर आलं.

त्या उत्तराच्या मागे एक बोर्ड होतं. बोर्डावर निम्मी माणसं मालकांची, निम्मी खेळाडूंच्या युनियनची. मालक म्हणायचे, युनियनला विचारा. युनियन म्हणायची, पैसा मालकांनी सोडला तर ना. दोघांच्या भांडणात जुन्या खेळाडूंचं कुणीच नव्हतं. अर्ज फेटाळला त्याच उन्हाळ्यात वॉशिंग्टनला संसदेच्या समितीपुढे यावर सुनावणी झाली, आणि टीव्हीवर काठ्या टेकत आलेली ती धिप्पाड माणसं दिगंबररावांनी पाहिली. त्यांची सगळी नोकरी रासायनिक कंपनीत मॅनेजमेंटच्या बाजूनं झालेली. मालकाशी भांडून कुणाचं भलं झालं नाही, हे त्यांचं ठाम मत. सत्त्याऐंशीच्या खेळाडूंच्या संपात डॅरिल पहिल्याच वर्षी फलक घेऊन स्टेडियमबाहेर उभा होता आणि आत बसमधून आणलेली भाडोत्री पोरं त्यांचे शर्ट घालून खेळत होती, हे त्यानं सांगितलं तेव्हाही दिगंबरराव नुसते हं म्हणाले होते. पण सुनावणीच्या त्या दिवशी त्यांनी उठून टीव्ही बंद केला.

“राबवून घेतलं आणि टाकून दिलं,” ते म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता.

डॅरिल आणि राधिका दिगंबररावांच्या पार्सिपनीच्या घरात खालच्या मजल्यावर राहायला आले त्याला आता दोन वर्षं होत होती. सोबत नात अनिका. डॅरिल एकदा कोपऱ्यावरच्या दुकानातून परत येताना घर विसरला आणि दुसऱ्याच कुणाच्या पायरीवर बसून राहिला. पोलीस आले. अनिकानं हात धरून त्याला घरी आणलं. एकदा त्यानं रात्री बाथरूमचं दार खांद्यानं फोडलं, आणि सकाळी दार पाहून, हे कुणी तोडलं, असं साध्या आवाजात विचारलं. “वाऱ्यानं आपटलं,” दिगंबरराव म्हणाले. डॅरिलनं दिवसभर खपून ते दार नीट बसवलं. तेव्हापासून अनिका झोपताना आपल्या खोलीची कडी लावते.

हे सगळं घराच्या चार भिंतींत होतं. महाराष्ट्र मंडळात कुणी विचारलं की जावई काय म्हणतात, तर दिगंबररावांचं उत्तर ठरलेलं असायचं: “मस्त आहेत. कोचिंगचं बघतायत.” झाकली मूठ सव्वा लाखाची. मंडळात मुठी झाकलेले ते काही एकटेच नव्हते.

अर्जावरच्या अपिलाची ही शेवटची संधी होती. वकिलानं सांगितलं होतं, या वेळी डॉक्टर घरच्या माणसाशी वेगळं बोलतील, आणि त्यावरच बरंचसं ठरेल. बायकोनं लेखी दिलेलं म्हणणं मागच्या वेळी बाजूला ठेवलं गेलं, तर या वेळी सासरे जाऊ देत. इंजिनिअर माणूस, उगाच वाढवून बोलणारा नाही. राधिकाला हॉस्पिटलच्या फार्मसीतून आता एकही रजा मिळण्यासारखी नव्हती. हे मंजूर झालं नाही तर अनिकाला घेऊन वेगळं राहायचं, असं तिनं आईला एकदा सांगितलं होतं. मंजूर झालं तर दिवसा कुणीतरी माणूस ठेवता आला असता, डॅरिलचे नीट उपचार करता आले असते.

“बाबा, तुम्ही त्याला काही रिमाइंड करायचं नाही. विसरला तर विसरू दे. आहे तसाच दिसू दे,” ती सकाळी म्हणाली होती. “आणि तुम्हाला विचारतील तेव्हा एव्हरीथिंग सांगायचं. दाराचं पण. अनिकाच्या कडीचं पण.”

“अगं, सांगतो म्हटलं ना.”

“प्रॉमिस?”

“प्रॉमिस.”

दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या हायवेवरून पिस्कॅटवेच्या दवाखान्याकडे जाताना दिगंबररावांनी सगळं मनात इंग्रजीत घोकलं. मेमरी लॉस. एपिसोड्स ऑफ अँगर. चाइल्ड इज अफ्रेड. कंपनीत अपघाताचा रिपोर्ट वाचून दाखवायचे तसं ते सुरळीत येत होतं. शेजारी डॅरिल इस्त्रीच्या शर्टात गुडघे डॅशबोर्डला टेकवून बसला होता आणि बाहेर बघत होता.

दवाखाना एका बसक्या इमारतीत होता. डॅरिलला एका तरुण मुलीनं चाचण्यांसाठी आत नेलं. मग दार उघडून डॉक्टर बाहेर आल्या. कागदावर नाव डॉक्टर डी. कोलमन असं होतं, म्हणून दिगंबरराव कुणा गोऱ्या माणसाची वाट बघत होते. समोर पंचेचाळिशीची, कानात मोत्यांच्या कुड्या घातलेली बाई उभी होती.

“मिस्टर गुर्जर? या ना, काका,” ती म्हणाली. “मी दीपा. माहेरची सबनीस. आम्ही सांगलीचे.”

दिगंबरराव उठले ते उठलेच. हात पुढे करावा की नमस्कार, हे त्यांना कळेना. दोन्ही थोडं थोडं झालं.

“माझा नवराही अमेरिकन आहे,” खोलीत बसल्यावर ती हसून म्हणाली. “त्यामुळे तुमच्या घरात काय काय होत असेल, मला चांगलं माहितीये. तुम्ही पार्सिपनीला ना? माझी शैलजामावशी तिथेच असते.”

“शैलजा म्हणजे, त्या मंडळाच्या...”

“हो, खजिनदार. तिच्याशिवाय तुमचा गणपती बसत नाही म्हणे.” तिनं पॅड पुढे ओढलं. “हे बघा, तुम्ही बोलाल ते माझ्या रिपोर्टपलीकडे कुठेही जाणार नाही. इंग्लिशमध्ये ऑकवर्ड वाटतं आपल्या लोकांना. मराठीत बोला, अगदी बिनधास्त. कसे आहेत ते घरी?”

भली बाई होती. दिगंबररावांना तेव्हाही ते कळलं, नंतर तर फारच कळलं. पण गाडीत घोकलेली इंग्रजी वाक्यं त्या एका प्रश्नानं कुठल्या कुठे गेली. इंग्रजीत डॅरिल एक पेशंट होता. मराठीत तो जावई झाला. माझा जावई दारं फोडतो, माझी नात बापाला घाबरते, हे मराठीत त्यांनी अजून सुमित्राबाईंनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं आणि मंडळातलं वाक्य बाहेर आलं.

“मस्त आहेत.”

डॉक्टरनं पेन उघडलं. “विसरतात का?”

“थोडंफार. ते काय, आपणही विसरतो.”

“रस्ता चुकणं, असं काही?”

“नाही नाही. फिरायला जातात रोज. येतात.”

“चिडचिड? हे खेळाडू लोक फार चिडतात, काका. मी बरेच पाहिलेत. त्यात त्यांचा दोष नसतो.”

“आमचे डॅरिल? छे हो. मुंगी मारणार नाहीत. घरातली दारंबिरं सगळी तेच दुरुस्त करतात.”

हे आपण का बोललो, असं वाटून त्यांचे कान गरम झाले. आता सांगावं. या वाक्याला जोडून सहज सांगता येईल. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. हळू आवाजात तिनं विचारलं, “घरात कुणाला त्यांची भीती वाटते का, काका? नातीला वगैरे?”

“नातीला? बापावर जीव आहे तिचा.”

तेही खरंच होतं. डॉक्टरनं ते लिहून घेतलं.

ती त्यांना दारापर्यंत सोडायला आली. “बरं वाटलं ऐकून. माझ्याकडे येणाऱ्या घरांतून असं क्वचित ऐकायला मिळतं. तुमचा आधार आहे त्यांना.”

“डॉक्टर,” दिगंबरराव म्हणाले.

“बोला ना.”

कॉरिडॉरमध्ये फोटोकॉपी मशीन चालू होतं. डॉक्टर मान किंचित वाकवून उभी होती, जणू तिला घाई नव्हतीच.

“पाणी कुठे मिळेल?”

“तिथे, डाव्या हाताला.”

ते जाऊन पाणी प्यायले. त्यांना तहान नव्हती. कागदी पेला चुरगळून त्यांनी टोपलीत टाकला आणि परत वळले, तोवर डॉक्टर डॅरिलच्या खोलीत गेली होती. बाहेरच्या खोलीत येऊन बसले तेव्हा त्यांना काहीच वाटत नव्हतं. लाज नाही, वाईट नाही. समोर माशांची टाकी होती. तीत एक मासा कोपऱ्यात थांबून होता, तो हलतो का तेवढं ते पाहत राहिले.

डॅरिल बाहेर आला तेव्हा घामानं त्याची कॉलर ओली झाली होती. गाडीत बसल्यावर त्यानं पट्टा लावला, दिगंबररावांनी किल्ली घातली, पण गाडी सुरू केली नाही.

“कसं झालं?” त्यांनी इंग्रजीत विचारलं. इंग्रजी आता परत आलं होतं.

“मी जोर लावला, बाबा,” डॅरिल म्हणाला. “राधिका म्हणाली होती, लावू नकोस. पण समोरचा म्हणतो कर, की मी करतो. मला थांबता येत नाही. शब्द लक्षात ठेव म्हणाले, मी ठेवले. तळहातावर नखं रुतवून ठेवले.” त्यानं हात उलटा करून पाहिला. “शेवटी डॉक्टरनं विचारलं, काही त्रास होतो का. मी म्हणालो, मी ठीक आहे.”

“हं.”

“मला बोलता येत नाही ते. कधीच आलं नाही. पण या वेळी मला काळजी नव्हती. म्हटलं, तिकडे बाबा बसलेत. ते सांगतील.” तो त्यांच्याकडे वळला. एवढा मोठा माणूस त्या छोट्या गाडीत वळला की गाडी हलायची. “दाराचं सांगितलंत ना? ते वाऱ्यानं नव्हतं आपटलं. मला माहितीये.”

दिगंबररावांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्यांच्या खिशातला फोन वाजला. राधिका जेवणाच्या सुट्टीत होती. त्यांनी पडद्यावरचं नाव पाहिलं आणि फोन डॅरिलच्या हातात दिला.

“झालं,” डॅरिल फोनवर म्हणाला. “नाही, मी नाही. मी पुन्हा तसाच वागलो, सॉरी. पण बाबांनी सांगितलं. सगळं. हो, सगळं.” मग तो बराच वेळ ऐकत राहिला आणि त्याचा चेहरा उजळला. दोन वर्षांत तसा तो दिसला नव्हता. त्यानं फोन पुढे केला. “ती रडतेय. तिला तुमच्याशी बोलायचंय.”

दिगंबररावांनी फोन कानाला लावला. पलीकडे फार्मसीतल्या कुणाच्या तरी हसण्याचे आवाज येत होते आणि त्यांची मुलगी नाक ओढत होती.

“बाबा,” राधिका म्हणाली, “मला माहितीये तुम्हाला किती जड गेलं असेल. बाहेरच्या माणसासमोर. आय नो यू. थँक यू, बाबा.”

“त्यात काय,” दिगंबरराव म्हणाले.